रात्रीचा थेंब

“ठिणगी दिसली की बटण दाबायचं. नाही दिसली तर नाही दाबायचं. एवढंच,” तपासणीच्या खोलीतल्या बाईंनी पुन्हा एकदा सांगितलं.

“आणि दिसल्यागत वाटली तर?” आक्कांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हसू दाबत भिंतीकडे पाहिलं, कारण माझ्या सासूबाई हा प्रश्न अगदी मनापासून विचारत होत्या. ‘आहे’ आणि ‘वाटतंय’ यांत त्यांच्या लेखी फार मोठं अंतर होतं. खरं बोलण्याचा नेम पुष्कळजण घेतात. आक्कांनी तो इतका पाळला होता की घरच्यांची पंचाईत व्हावी. आमच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी माझ्या वडिलांना सांगून टाकलं होतं, मुलगा चांगला आहे पण आळशी आहे. वडिलांना हे इतकं आवडलं की त्यांनी तिथंच होकार दिला. मुलगा किती आळशी आहे, ते मग मला निस्तरावं लागलं.

आमच्या लग्नाला आता वीसेक वर्षं झाली. मी पुण्यात वाढलेली. आमचं जैनपण सणासुदीपुरतं होतं. घरात कांदा-बटाटा चालायचा, रात्रीचं जेवणही. लग्न होऊन शिरोळकडच्या एका गावात आले, तिथल्या शाळेत शिकवू लागले, आणि सूर्य मावळला की आक्कांच्या ओठांना पाणीसुद्धा लागत नाही हे पाहून थक्क झाले. तरुणपणी गावात आलेल्या एका मुनींपुढे त्यांनी तो नेम घेतला होता. दुसऱ्यांनी पाळावा असा आग्रह मात्र नव्हता. मी रात्री दहाला दूध प्यायले तर त्या फक्त पेल्यात वाकून बघायच्या, काही पडलंय का म्हणून.

त्या दिवशी मिरजेला डोळ्यांच्या इस्पितळात आम्ही तिसऱ्यांदा आलो होतो. आक्का त्या मशीनच्या पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसल्या. मधल्या दिव्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला कुठे ठिणगी चमकली की बटण दाबायचं, असा तो प्रकार. अंधाऱ्या खोलीत बटणाचा टक् टक् आवाज येत होता. मधेच बराच वेळ काहीच आवाज येत नव्हता. मला वाटलं, मशीन थांबलंय.

डॉक्टर साठ्ये माझ्याच वयाच्या होत्या, बोलायला मऊ, पण गोल गोल न बोलणाऱ्या. त्यांनी छापून आलेला कागद आमच्यासमोर ठेवला. दोन्ही डोळ्यांची दोन वर्तुळं होती आणि दोन्हींचा खालचा भाग काळा होता. “मागच्या वेळी एवढं काळं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“पिकला की काढा की,” आक्का म्हणाल्या. आमच्या गावात बिंदू म्हणजे एकच. तो पिकतो, काढतात, हिरवी पट्टी बांधतात, आणि मग माणूस पुन्हा पेपर वाचतो.

तो मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाल्या. त्यात भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. तुमचा काचबिंदू. यात डोळ्यातलं पाणी नीट निचरत नाही, आत दाब वाढतो आणि मागची नस थोडी थोडी मरत जाते. मेलेली नस कुणालाच परत आणता येत नाही. उरलेली राखायची असते, आणि त्यासाठीच थेंब.

आक्कांना हे पटलं नाही. त्यांनी टेबलावरची औषधाची बाटली उचलली आणि तिच्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलेला कंपनीचा पत्ता चष्म्यातून घडाघडा वाचून दाखवला. सुईत दोरा ओवतो, म्हणाल्या. तांदळातला खडा लांबून दिसतो. आमच्याकडे बायकाही ‘मी ओवतो, मी जातो’ असंच बोलतात, डॉक्टरांनाही त्याची सवय होती. त्या फक्त हसल्या. समोरचं शेवटी जातं, त्या म्हणाल्या, आधी कडा जातात. आणि त्या गेल्यात हे माणसाला कळतच नाही, कारण तिथे काळं काही दिसत नाही. डोकं आपल्या मनानं ती जागा भरून काढतं.

मग त्यांनी मला विचारलं, “ही बाटली कधी आणली?”

शाळा सुरू झाली तेव्हा, मी सांगितलं. आता श्रावण निम्मा झाला होता. आणि सांगता सांगताच मला कळलं की काहीतरी चुकतंय. दोन वेळा थेंब घालणाऱ्याची बाटली महिन्यात संपायला हवी होती.

“आक्का, थेंब रोज घालता ना?”

“घालतो की. उपवास नसला की सकाळी, बस्तीला जायच्या आधी.” बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर.

“आणि रात्री?”

“रात्री न्हाई.”

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. आम्ही घरात अधूनमधून विचारायचो, थेंब घातला का. आणि सकाळचा घातलेला असल्यामुळे त्या खरंखुरं ‘व्हय’ म्हणायच्या. रात्रीचं वेगळं कुणी विचारलं नव्हतं. थेंब डोळ्यात घातला की थोड्या वेळानं घशात कडू लागतं, आणि घशात उतरलं म्हणजे पोटात गेलं, हा त्यांचा हिशेब होता. रात्री पोटात काही जायचं नाही. दोन वर्षं त्यांनी निम्मंच औषध घातलं होतं, आणि अष्टमी-चतुर्दशीच्या उपवासाला तेही नाही.

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. मग दिवस मावळायच्या आत घाला, त्या म्हणाल्या, सहाला घाला, माझं काही म्हणणं नाही. पण आता एकही दिवस चुकवायचा नाही. उरलंय ते फार थोडं आहे, आणि ते गेलं तर तुम्हाला घरातल्या घरात हात धरून न्यावं लागेल. आक्का लगेच तयार झाल्या. मला वाटलं, मिटलं.

परतीच्या एसटीत त्यांनी तिकीट पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, “दशलक्षणात मात्र न्हाई हं.”

भाद्रपदातले ते दहा दिवस आमच्याकडे वर्षातले सगळ्यात मोठे. पुष्कळजण एकभुक्त राहतात. काहीजण दहाच्या दहा दिवस उपवास करतात, दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, दुसरं काही नाही. आक्कांना ते दहा उपवास आयुष्यात एकदा करायचे होते. आधी मुलं लहान होती, मग सासऱ्यांचं आजारपण, मग माझं लग्न. यंदा गावात एका माताजींचा चातुर्मास होता, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने त्या साध्वी आमच्याच गावी राहणार होत्या. असा योग पुन्हा यायचा नाही, आक्का म्हणाल्या. पाण्याशिवाय दुसरं काही घशाखाली उतरलं तर उपवास कसला?

मी घरी येऊन डॉक्टरांना फोन केला. उपवास एक वेळ चालेल, त्या म्हणाल्या, पण थेंबांशिवाय दहा दिवस, आणि तेही या डोळ्यांना, मी जबाबदारी घेणार नाही. मग त्यांनी एक युक्ती सांगितली. थेंब घातल्यावर डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा. औषध घशात उतरायची वाट तिथून आहे. ती बंद राहते.

मी उड्या मारतच आक्कांना सांगायला गेले.

“एक कण बी उतरणार न्हाई?” त्यांनी विचारलं.

मी पुन्हा फोन केला. डॉक्टरही खरं बोलणाऱ्या निघाल्या. अगदी कणभरही नाही असं सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या.

“मग न्हाई,” आक्का म्हणाल्या. “डोळं माझं हायत, तरास माझा हाय. तू नको जीव टाकूस.”

नवऱ्याला, श्रेणिकला म्हटलं, तुझी आई आहे, तू बोल. तो गेला, पाच मिनिटं आईजवळ बसला आणि शेंगा खाऊन परत आला. शेवटी मीच बस्तीत माताजींकडे गेले. पन्नाशीच्या, किडकिडीत, बेळगावकडच्या होत्या. एका पांढऱ्या साडीत चटईवर बसून काहीतरी वाचत होत्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही एक शब्द बोललात तर त्या ऐकतील. त्यांनी वाचन बाजूला ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, नेम त्यांनी घेतलाय, विचारायला तुम्ही आलात. त्यांना विचारायचं असेल तर त्या येतील. मी कुणाच्या घरात जाऊन नेम सोडवत नाही.

मी चडफडत घरी आले. दशलक्षण आठवड्यावर आलं होतं.

त्याच आठवड्यात माताजी आहारासाठी आमच्या दारी थांबल्या. त्या दिवसातून एकदाच जेवत, आणि तेही कुणाच्या घरी ते आधी ठरलेलं नसे. गावातली चार-पाच घरं पहाटेपासून शुद्ध स्वयंपाक करून, कलश घेऊन दारात उभी राहत. त्या ज्या दारी थांबतील ते घर भाग्याचं. आक्का दोन महिने दारात उभ्या राहत होत्या. त्या दिवशी त्यांनी “वंदामि माताजी, अत्र तिष्ठ, तिष्ठ” म्हटलं, आणि माताजी थांबल्या.

आक्कांनी त्यांना पाटावर बसवलं, पाय धुतले, हात जोडले आणि म्हणाल्या, “मन शुद्ध हाय, वचन शुद्ध हाय, काया शुद्ध हाय, आहार-पाणी शुद्ध हाय.” हे सगळेच म्हणतात. पण आक्का म्हणाल्या की ऐकणाऱ्याला खात्री वाटायची. गहू, डाळ, तांदूळ त्यांनी उजेडात बसून दोन दोनदा निवडलं होतं. गावात कुणाकडे आहार असला तरी धान्य निवडायला आक्कांनाच बोलावत.

माताजींनी हातांची ओंजळ पुढे केली. ताटवाटी नसते, ओंजळीतच जेवायचं. आक्का डाव्या हातात ताट धरून उजव्या हातानं भाकरीचा बारीक कुस्करा ओंजळीत घालत होत्या. मी पलीकडून दुधाची धार धरत होते. शेजारच्या सुमतीकाकी मागे उभ्या राहून बघत होत्या. चार-पाच घास झाले असतील. माताजींनी ओंजळीकडे पाहिलं आणि सावकाश हात उघडले. घास खालच्या पातेल्यात पडला. दुधात एक काळी मुंगी मरून तरंगत होती.

हातात जीव मेला की त्या दिवसाचं जेवण तिथेच संपतं. दुसऱ्या दिवशीच्या आहारापर्यंत पाणीसुद्धा नाही. माताजींचा चेहरा बदलला नाही. उठल्या, हात धुतले आणि उन्हातून चालत बस्तीकडे गेल्या. दोन महिने ज्या दारात आक्का उभ्या होत्या, त्या दारातून त्या उपाशी गेल्या.

सुमतीकाकींनी गावात जायच्या आधी माझ्याकडे बघून घेतलं. दूध मी ओतलं होतं. पुण्याची सून, रात्री जेवणारी, तिनं दूध बघितलं नसणार. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होणार हे मला तेव्हाच कळलं. मला रडू आलं, कारण दूध मी पांढऱ्या फडक्यातून गाळून, पेल्याच्या तळापर्यंत बघून घेतलं होतं.

दुपारी आक्का मला स्वयंपाकघरात बोलावतील आणि बोलतील, असं वाटलं. त्यांनी बोलावलं, पण त्यांच्यापुढे तेच पितळेचं ताट रिकामं ठेवलेलं होतं. शेजारी वाटीत मूठभर मोहरी होती.

“बस म्होरं,” त्या म्हणाल्या. “मी ताटाच्या मधी बघतो. तू कडेला मोहरी ठेव. मला दिसली की मी सांगतो.”

मी समोर बसले. त्यांनी ताटाच्या मधोमध नजर लावली. मी त्यांच्या समोरच्या कडेला, माझ्या बाजूला, एक दाणा ठेवला. “दिसला,” त्या म्हणाल्या. उजवीकडे ठेवला. “दिसला.” डावीकडे ठेवला. थोडं थांबून म्हणाल्या, “दिसला.” मग मी त्यांच्या जवळच्या कडेला, त्यांच्या पदराशी, दाणा ठेवला.

त्या काही बोलल्या नाहीत. मी दाणा बोटानं थोडा आत सरकवला. त्या गप्प. आणखी सरकवला. त्या मधोमध बघत होत्या आणि वाट बघत होत्या. दाणा जवळजवळ ताटाच्या मध्याशी आला तेव्हा त्या म्हणाल्या, “हां, आता ठेवलास.”

“आक्का, केव्हाचा ठेवलाय.”

त्यांनी खाली मान घालून ताट पाहिलं. मग आपल्या जवळच्या अर्ध्या भागावरून हात फिरवला.

“पन मला ताट तर सगळं दिसत हुतं,” त्या म्हणाल्या. “कड दिसत हुती. कुठंबी तुटल्यालं न्हवतं.”

मी त्यांचा हात धरला. माताजींच्या ओंजळीकडे बघत असताना त्यांच्या हातातलं ताट बरोबर त्या जागेत होतं. मुंगी तिथूनच चढली असणार, तिथूनच भाकरीबरोबर गेली असणार. आक्कांनी मोहरी वाटीत भरली. मग उठून लुगडं बदललं आणि मला म्हणाल्या, “चल बस्तीत.”

दिवस मावळायच्या आधी माताजींसमोर बायका जमत. आम्ही गेलो तेव्हा कुजबुज थांबली, त्यावरून कशाबद्दल चालली होती ते कळलं. सुमतीकाकींनी सरकून आक्कांना जागा दिली, मला नाही दिली. माताजी चटईवर बसल्या होत्या. त्यांचे ओठ सुकले होते.

आक्का बसल्या नाहीत.

“मुंगी दुधात न्हवती,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “माझ्या ताटात हुती. सुनंचा दोष न्हाई. मला खालचं दिसत न्हाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाई. दिसत न्हाई हे म्हाईत असून मी ‘आहार शुद्ध हाय’ म्हटलं. आजवर मी खोटं बोललो न्हाई. आज बोललो, ते माताजींच्या म्होरं. मला प्रायश्चित्त द्या.”

ज्या डोळ्यांवर आख्ख्या गावाचा विश्वास होता, ते गेलेत असं त्यांनी स्वतः गावापुढे सांगितलं होतं. उद्यापासून कुणी निवडायला धान्य आणून देणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. मला त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला, पण मी उभीच राहिले.

माताजींनी डोळे मिटले. मला वाटलं, आणखी उपवास सांगतील.

“दोन्ही डोळ्यांत थेंब,” त्या म्हणाल्या. “सकाळी एकदा, दिवस मावळायच्या आत एकदा. जिवंत आहात तोवर. उपवास असो, नसो. हे तुमचं प्रायश्चित्त.”

“दशलक्षणात?” आक्कांनी विचारलं.

“दशलक्षणातही. मुंगी बघायची तर डोळा पाहिजे.”

आक्कांनी वाकून वंदन केलं. परत येताना त्यांनी माझ्या दंडाला धरलं होतं. उंबरे आणि पायऱ्या त्यांना दिसत नव्हत्या, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. इतके दिवस त्या पायानं चाचपत चालत होत्या आणि आम्ही म्हणत होतो, आक्का सावकाश चालतात.

दशलक्षणात त्या दहाही दिवस उपाशी राहिल्या. रोज संध्याकाळी मी थेंब घालायचे, त्या डोळा मिटून कोपरा दाबायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. मी विचारायचे, लागलं का कडू? त्या तोंड उघडायच्या नाहीत, नुसता हात हलवून मला जा म्हणायच्या. मला वाटायचं, युक्ती जमली. शेवटच्या दिवशी दहा उपवास करणाऱ्यांना हार घालून वाजतगाजत नेतात. आक्का गेल्या नाहीत. सुमतीकाकी स्वतः बोलवायला आल्या होत्या. “मी न्हाई केलं उपवास,” आक्का म्हणाल्या. मुंगीचं मनाला लागलंय म्हणून असं बोलतात, असं आम्ही धरलं. पुढेही कुणी त्या दहा उपवासांचं कौतुक केलं की त्या हेच म्हणायच्या, आणि आम्ही त्याला विनय म्हणायचो.

त्यानंतर त्यांचे डोळे थांबले तिथेच थांबले. साठ्ये डॉक्टर दरवेळी जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून दाखवतात. काळा भाग आहे तेवढाच आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून श्रेणिकचीही तपासणी झाली, कारण हा आजार रक्ताच्या नात्यात जातो. त्याचे डोळे चांगले आहेत, आळस आहे तसाच आहे. आक्का आज ऐंशीच्या पुढे आहेत, पोथी स्वतः वाचतात आणि पायऱ्या उतरताना माझा दंड धरतात.

गेल्या उन्हाळ्यात माझे डोळे आले. औषधाचा थेंब घातला, सवयीनं कोपरा दाबला, आणि तरीही घशात कडू उतरलं. थोडंसंच, पण चांगलंच कळेल इतकं. मी तशीच आक्कांकडे गेले.

“आक्का, दाबून धरलं तरी उतरतंय की हे.”

“उतरतंय,” त्या म्हणाल्या. “रोज उतरतंय.”

“दशलक्षणात पण उतरलं होतं?”

“पयल्याच दिवशी.”

मी त्यांच्याजवळ खाली बसले. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या लेखी उपवास मोडला होता. जन्मभर मनात धरलेले दहा उपवास, आणि माझ्या हातानं. तरी त्या पुढचे नऊ दिवस उपाशी राहिल्या होत्या आणि रोज संध्याकाळी तोंड वर करून माझ्यापुढे बसल्या होत्या.

“मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुझा हात थरथरला असता,” आक्का म्हणाल्या. “अन् कापऱ्या हातानं थेंब डोळ्यात पडत न्हाई, गालावर पडतोय.”